झाकणाखालची तिसरी ओळ

विमल,

काल दुपारी जेवून जरा आडवी झाले आणि तू आलीस. शाळेच्या व्हरांड्यात, भिंतीकडे तोंड करून, हातात खडू. मागे मुलं बसलेली, आणि त्यांच्या दप्तरांखाली पाणी. घोट्याइतकं, स्वच्छ, हलत नसलेलं. आपल्या शाळेत पाणी! आणि कुणालाच त्याचं नवल नाही. मी म्हटलं, "विमल, अगं, पाणी आलंय." तू वळलीसुद्धा नाहीस. म्हणालीस, "आलंय तर बसू दे की. त्याला काय बाकडं द्यायचं का?" आणि लिहीत राहिलीस. काय लिहितेस ते बघायला मी तुझ्या खांद्यावरून वाकले, तेवढ्यात जाग आली. डोळे ओले होते आणि मला हसू येत होतं.

दुपारच्या झोपेची आता मला धास्ती वाटते. तू अशाच झोपेत गेलीस. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुनेनं चहा आणून हाक मारली आणि तू उठली नाहीस, इतकंच. सगळे म्हणतात, भाग्यवान, कुणाला त्रास दिला नाही. मी मनात म्हणते, मला दिला ना. त्याच दिवशी सकाळी फोन करून भांडण अर्धवट टाकून गेलीस.

तुझे शब्द अजून कानात आहेत. "शके, नवा हेडमास्तर सुट्टीत भिंत रंगवून घ्यायलाय. माझ्या ओळी ठिवणार हाय, गुणाचा हाय बिचारा. पण ती मोकळी जागा त्याला खटकती म्हनं. तुज्याकडं येईल ओळ मागायला. द्यायची न्हाई."

मी म्हटलं, "देणार. इतकी वर्षं वाट बघून झाली, आता पुरे."

"बघ हां."

"बघितलं."

"बरं, भाकऱ्या व्हायच्यात माज्या. उद्या फोन करते, मग भांडू." हा तुझा शेवटचा शब्द. लोक जाताना रामनाम घेतात. तू भांडणाची वेळ ठरवून गेलीस.

भांडण्यातच आपला जन्म गेला म्हण ना. मी अंबाजोगाईची, मराठी शिकवणारी, शुद्ध बोलायची हौस असलेली. तू इथलीच, विज्ञानाची. वर्गात प्रमाण मराठी आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की 'हाय' आणि 'न्हाई'. युसूफ वडगावच्या पुढची ती रस्त्यालगतची शाळा, केजहून काळी-पिवळीत दाटीवाटीनं केलेला प्रवास, लिंबाखाली उघडलेले डबे. तुझ्या डब्यातला ठेचा मी खाल्ला आणि माझ्या साखरआंब्याला तू नाव दिलंस 'आजारी माणसाचं जेवण'.

हायकूचं खूळ तुझ्या डोक्यात मीच घातलं. कसल्याशा प्रशिक्षणाच्या चहापाण्यात तू विचारलंस, "ते हायकू हायकू म्हणतात ते काय असतं गं?" मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तीन ओळी, पाच-सात-पाच अक्षरं, एक क्षण, एक चित्र, बाकी सगळं मौन. मौनाबद्दल तर मी बराच वेळ बोलले. तू चहा फुंकत ऐकलंस आणि म्हणालीस, "सतरा अक्षरं? एवढी तर माझी पोरं चालता चालता पाठ करतील."

तुझं दुखणं मला ठाऊक होतं. दिवाळी झाली की निम्मा वर्ग ऊसतोडीला जायचा. ट्रॅक्टरवर संसार चढायचा, भांडी, कोंबड्या, म्हातारी, आणि त्या सगळ्यावर आपली मुलं. गुढीपाडव्याच्या आसपास परतायची तेव्हा पुस्तकांची पानं चुलीत गेलेली असायची आणि तू शिकवलेले शब्द वाटेत कुठेतरी सांडलेले. प्रकाशसंश्लेषण म्हणता म्हणता त्यांची जीभ वळायची नाही. तू कपाळाला हात लावायचीस. "शके, पुस्तक भिजतं, वही हरवती. तोंडात राहील असं काय तरी पायजे."

मग तू मुलांना बोटांच्या पेरांवर अक्षरं मोजायला शिकवलंस. आपल्या आया पेरांवर दिवस मोजतात, तसं अंगठा सरकवत. त्या दिवशी तू धावत शिक्षकखोलीत आलीस, पदर खांद्यावरून घसरलेला. "शके, बाष्पीभवन पाच! केशाकर्षण पाच! आणि प्रकाशसंश्लेषण बरोब्बर सात! अगं, मधल्या ओळीसाठीच जन्माला आलाय तो शब्द!" दुपारभर तू शब्द मोजत बसलीस. गुरुत्वाकर्षण सहा भरलं तेव्हा खट्टू झालीस. "याला घर न्हाई," म्हणालीस, आणि खरंच वाईट वाटलं होतं तुला.

मग व्हरांड्याच्या भिंतीवर, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतील अशा, निळ्या रंगात ओळी उमटू लागल्या.

हिरवं पान
प्रकाशसंश्लेषण
चूल उन्हाची

ही कुणी केली ते आता आठवत नाही. पण ती वाचून मी गप्प झाले होते आणि सासूनं नव्या सुनेचा स्वयंपाक चाखून काही बोलू नये आणि सुनेनं तरी ओळखावं, तशी तू माझ्याकडे बघत होतीस.

त्या वर्षी तलाव आटला. मुलं तळाच्या भेगांमध्ये पाय घालून खेळायची. तू त्यांना तिथंच नेऊन बसवलंस आणि परत आलीस ती ही घेऊन.

बाष्पीभवन
तळं कुठं गेलं रे
आभाळा, सांग

मी म्हटलं, यातली पहिली ओळ काढ. कवितेत एवढा जड शब्द कशाला? गोष्ट दाखव, नाव कळेल आपोआप. तू म्हणालीस, नावच तर शिकवायचंय. परीक्षेत काय 'आभाळा सांग' लिहायचं? मी म्हटलं, तुझ्या कविता म्हणजे पाय फुटलेल्या व्याख्या आहेत. तू म्हणालीस, "मग चालू दे की त्यांना. पोरांच्या मागं मागं फडापर्यंत तर जातील." ते वाक्य मला पटलं होतं. आजही पटतं. पण हे मी तेव्हा कबूल केलं नाही, कारण मग जिंकल्याच्या तोऱ्यात तू ठेच्याचा डबासुद्धा लपवून ठेवला असतास.

आणि ती दुधाची गंमत! घनता शिकवायला तू अख्खा वर्ग सकाळी सकाळी गावच्या दूध सोसायटीत नेलास. दुष्काळानं म्हशी आटलेल्या, किटल्या अर्ध्या. मुलांनी लॅक्टोमीटर दुधात तरंगताना पाहिला, मग तू आपल्या पैशानं घेतलेल्या दुधात पाणी ओतून तो बुडतो कसा ते दाखवलंस. दुसऱ्या दिवशी भिंतीवर:

दूध पातळ
लॅक्टोमीटर बुडे
घनता कमी

दुपारपर्यंत सोसायटीचे चेअरमन दारात. धोतराचा सोगा हातात, चेहरा लाल. "बाई, ही कविता काढा. लोक इचारायलेत, कुणाच्या दुधात पानी हाय म्हनून. आमी सहकार चालवतो का चोरी करतो?"

तू शांतपणे म्हणालीस, "कविता कुठंय चेअरमनसाहेब? ती व्याख्या हाय."

मी आतून ऐकत होते. माझ्यापुढे वर्षभर 'कविता कविता' म्हणून भांडणारी बाई चेअरमनपुढे एका झटक्यात व्याख्येवर आली! संध्याकाळी मी चिडवलं तर म्हणालीस, जिथं जे खपतं तिथं ते विकावं. शेवटी शेजारी दुसरी ओळ लिहून तू तडजोड केलीस, 'आमच्या गावचं दूध घट्ट आहे', आणि चेअरमनांनी मुलांना ग्लासभर दूध पाजलं. ते मात्र पातळ होतं असं तू माझ्या कानात सांगितलंस.

पण तिसऱ्या ओळीची ती तुझी रीत कधी सुरू झाली? बहुतेक त्याच्या पुढच्या दिवाळीत. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी तू जाणाऱ्या प्रत्येक मुलाला जवळ बोलावलंस. घरोघरी आया भाकरी बांधत होत्या, आणि तू त्यांच्या मुलांना दोन-दोन ओळी दिल्यास. दोनच. "तिसरी तिथून आणायची. आणल्याबगर वर्गात घेणार न्हाई." धमकी दिल्यासारखं बोललीस, पण मुलं हसत होती. मी म्हटलं, हे काय नवीन? तू म्हणालीस, "परत यायला काय तरी कारण नको का? शाळा हाय म्हनून कुणी परत येत न्हाई. काम अर्धं ऱ्हायलंय म्हनून येतात."

पाडव्याला मुलं आली. काळवंडलेली, केसांत उसाच्या पाचटाचा वास, आणि ओठांवर ओळी. एकानं दोन ओळी नेल्या होत्या, 'दगडावर, कोयत्याचं घर्षण'. त्यानं पेरांवर अंगठा सरकवत तिसरी म्हटली:

बाप बोलंना

तुझ्या नियमात ती कुठेच बसत नव्हती. घर्षणाशी बापाच्या न बोलण्याचा काय संबंध? तू त्याला जवळ घेतलंस आणि मला म्हणालीस, "हे तुज्या मौनाचं खातं. तू बघ." मग बाहेर जाऊन बराच वेळ लिंबाला टेकून उभी राहिलीस. मी तुझ्याजवळ आले नाही. यायला हवं होतं की नको, ते मला कधीच कळलं नाही.

आता अयोध्या. तिचं नाव घेतलं की तू बोलणं थांबवायचीस, म्हणून मीही कमीच घेत असे. सातवीतली, दोन वेण्या, कायम पहिल्या बाकावर. तिला तू संघनन दिलं होतंस.

झाकणाखाली
संघननाचे थेंब

ती ट्रॅक्टरवर चढताना तू खालून ओरडलीस, "अयोध्ये, तिसरी!" तिनं हातातली पातेली वर करून दाखवली. आपण दोघी हसलो होतो.

पाडव्याला ती आली नाही. तिची भावंडं आली, ती नाही. फडावरच सोयरीक जुळली म्हणाले. तू तडक तिच्या घरी गेलीस भांडायला. मी बरोबर होते. तिची आई चुलीपाशी बसली होती. तिनं वर न बघता एवढंच म्हटलं, "बाई, पोर वयात आली. पाचटाच्या कोपीला दार नसतंया. तुमीच सांगा, कुटं ठिवायची?" तू उंबऱ्यावरूनच परत फिरलीस. दुसऱ्या दिवशी निळा रंग घेऊन तू भिंतीवर त्या दोन ओळी लिहिल्यास, खाली एका ओळीची जागा सोडलीस आणि त्या जागेखाली तिचं नाव लिहिलंस.

ती जागा. विमल, त्या जागेवरून मी तुला किती छळलं! दर उन्हाळ्यात मी तिच्यासाठी नवी ओळ घेऊन यायची. 'पाऊस घरी' म्हटलं तर तू म्हणालीस, "पाऊस कुठाय? डाळ शिजायलीय." मग मी 'आभाळ छोटे' केली. ती मला अजूनही आवडते. पातेल्यावरचं झाकण म्हणजे छोटं आभाळ, त्याला थेंब, ते पुन्हा खाली. विज्ञानही चुकत नाही. तू ती पेरांवर मोजलीस, पुन्हा म्हटलीस, आणि म्हणालीस, "लई छान हाय, शके. पन तुजी हाय."

"मग काय झालं? ती येणार नाही आता."

"नको येऊ दे."

"मग कुणासाठी राखतेस?"

तू डबा उघडून ठेचा पुढे सरकवायचीस. मला वाटायचं, हा तुझा हट्ट आहे. एका मुलीचं दुःख तू भिंतीवर उघडं ठेवलंयस, आणि जाता-येता स्वतःला टोचून घेतेस. कुणीतरी ती ओळ लिहावी आणि तुला मोकळं करावं, असं मला मनापासून वाटत होतं. आपण निवृत्त झालो, तरी तू तालुक्याला जाताना गाडीतून मान वळवून ती जागा बघायचीस. म्हणून त्या दिवशी फोनवर मी इतकी ठाम होते. तुझ्यासाठीच होते गं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्याच दिवशी तुझी श्रद्धांजली सभा ठेवली. व्हरांड्यातच. भिंतीला ताजा पिवळा हात दिलेला, तुझ्या निळ्या ओळी जपून तशाच ठेवलेल्या, आणि खुर्चीवर हार घातलेला तुझा फोटो, त्यात तू कधी नव्हे इतकी सभ्य दिसत होतीस. भाषणं झाली. चेअरमन आता थकलेत, काठी टेकत आले होते. म्हणाले, बाईंनी आमच्या दुधावर कविता केली होती. व्याख्या नाही, कविता म्हणाले हो! तू ऐकायला हवं होतंस. मग हेडमास्तरांनी निळ्या रंगाचा डबा आणि ब्रश माझ्या हातात दिला. "बाई, त्यांची एक कविता अपुरी आहे. तुम्ही पुरी करा."

मी उठले. 'आभाळ छोटे'. इतक्या वर्षांनी ती ओळ तिच्या जागी बसणार होती आणि तू आडवी येणार नव्हतीस. ब्रश बुडवला, भिंतीपाशी गेले. रस्त्यावर टोळ्यांचे ट्रॅक्टर जात होते, त्यातला एक थांबला. कुणीतरी उडी मारून उतरलं आणि पळत आवारात आलं. डोक्याला टॉवेल बांधलेली, पायात रबरी बूट घातलेली बाई. मी ओळखलं नाही. तिनं आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या ब्रशकडे.

"बाई, काय लिवताव?"

"तिसरी ओळ."

"ती तर माझी हाय," ती म्हणाली. आणि मग मला तिच्या चेहऱ्यात दोन वेण्या दिसल्या.

"अयोध्या?" मी ब्रश तसाच धरून विचारलं. "तू केलीस ती ओळ?"

"तवाच केलती की. त्याच साली. कोपीत भाताचं झाकन काढलं, अन् आली तोंडात."

मला राग आला, विमल. तुझ्या वतीनं आला. "मग आणली का नाहीस? बाई जन्मभर वाट बघत होत्या."

ती गोंधळली नाही. मुलाला समजावावं तशी म्हणाली, "आनली असती तर शाळा सुटली असती की, बाई. जवर द्यायची हाय, तवर माझं नाव पटावर हाय. दर साली ट्रॅक्टरवरून बघते, जागा हाय का न्हाई. जागा दिसली की लई बरं वाटतं. फड सोपा जातो."

सगळा व्हरांडा ऐकत होता. ब्रशातला रंग माझ्या पायावर ठिबकत होता.

"आज तर द्यावी लागंल," ती म्हणाली. "आता बाईच न्हाईत मागायला." मग तुझ्या खुर्चीपाशी गेली, टॉवेल सोडला, फोटोच्या कानाशी वाकली. ओठ हलले. मला काहीच ऐकू आलं नाही. पण तिचा हात मला दिसत होता. अंगठा करंगळीच्या पेरापासून निघाला आणि एकेक पेर घेत पाच अक्षरं चालत गेला. पाचव्या पेरावर ती थांबली आणि हसली.

ट्रॅक्टरनं भोंगा वाजवला. जाता जाता ती माझ्या पाया पडली. "पोरीला यंदा आजीपाशी ठिवलंय. शाळा बुडू द्यायची न्हाई म्हनलं. तेवढी जागा ऱ्हाऊ द्या बाई, तिला दावायची हाय." आणि पळाली. ट्रॉलीवरच्या बायकांनी हात देऊन तिला वर ओढून घेतलं. मी ब्रश हेडमास्तरांना परत दिला.

"भिंत आहे तशी राहू दे," मी म्हटलं.

"पण बाई, अपुरं दिसतं ते."

"दिसू दे."

जिंकलीस बाई. भांडण मी हरले आणि ते ऐकायला तू नाहीस, याचा इतका राग येतो की भांडी आपटावीशी वाटतात. तू मुलांना दोन ओळी देऊन पाठवायचीस तेव्हा मला वाटायचं, तू त्यांना परत बोलावतेयस. परत येता न आलेल्यांनाही तू शाळेत ठेवलंयस, हे मला कळायला तुला जावं लागलं. आता पातेल्यावरचं झाकण उचललं की मी ते तसंच धरून उभी राहते. थेंब एकेक करून सुटतात. डाळ करपते कधीकधी.

माझं तुला बरंच काही सांगायचं राहून गेलंय. ठेचा मला खूप आवडायचा, हे तर कधीच म्हटलं नाही. त्या दिवशी लिंबाखाली मी यायला हवं होतं, असं आता वाटतं. पण सगळं आजच सांगून टाकायचं नाही, हे मी शिकलेय.

तिसरी ओळ आता तुझ्यापाशी पोचली. काल भिंतीकडे तोंड करून तू तीच लिहीत होतीस ना? पुन्हा आलीस तर तळहातानं झाकून धर. मी कितीही वाकून बघितलं तरी दाखवू नकोस. माझी शाळा अजून सुटायची आहे.